अष्टमीला ऐकू न येणारी सून

काशीच्या ठठेरी बाजारात दोन्ही बाजूंनी तांब्यापितळेवर हातोड्या पडत असतात. तिथे कुणी कुणाशी बोलायच्या भानगडीत पडत नाही, बोटं दाखवून व्यवहार उरकतो. त्या गलीत मला सगळं ऐकू यायचं. दुकानदार काय भाव सांगतोय, त्याचा भाऊ मागे कुणाला शिव्या घालतोय, शेजारी उभी असलेली बाई आपल्या सुनेबद्दल काय बोलतेय, सगळं. बरोबरच्या बायका कानात बोटं घालून उभ्या आणि मी त्यांची दुभाषी. आणि घरी आले, की समोर बसलेल्या माणसाचं एक अक्षर कळायचं नाही.

आता तुम्हीच सांगा, अशा बाईला बहिरी कोण म्हणेल? आमच्या रामघाटावर कुणीच म्हणालं नाही. मानभावी म्हणाले, नाटकी म्हणाले. एका चुलत जावेनं तर ‘सोयीनं ऐकणारी’ असं माझं नावच पाडलं होतं. मला भयंकर राग यायचा. पन्नास वर्षं होत आली, ती जाऊही गेली बिचारी, पण राग काही गेलेला नाही.

मी साताऱ्याकडची. सत्तर सालाच्या आसपास लग्न होऊन काशीत आले. माझे सासरे, आम्ही त्यांना मामंजी म्हणायचो, वेदांचे गुरुजी. घराच्या खालच्या ओसरीवरच त्यांची पाठशाळा. पंधरा-सोळा विद्यार्थी मांडी घालून बसायचे, गुरुजींनी एकदा म्हणायचं आणि त्या सगळ्यांनी दोनदा, तेही बेंबीच्या देठापासून. सकाळपासून जेवणापर्यंत आणि पुन्हा दुपारपासून दिवे लागेपर्यंत हे चालू. घरात कुणाला मीठ जरी मागायचं असलं, तरी त्या घोषावरून ओरडून मागावं लागे. सासूबाई तर तीस-पस्तीस वर्षं तशाच ओरडत आल्या होत्या, आणि आपण ओरडतो हे त्यांच्या गावीही नव्हतं.

माझे यजमान रेल्वेच्या ऑफिसात होते. मी त्यांना ‘हे’च म्हणते; नाव घ्यायची तेव्हा पद्धत नव्हती आणि आता सवय नाही. हे सकाळी नऊला सायकल काढायचे ते दिवेलागणीनंतर परत. तोवर पाठशाळा मिटलेली. रविवारी घरी असायचे, पण दिवसाउजेडी, त्यातून मामंजींच्या देखत, नवराबायकोनं बोलत बसायचं म्हणजे काय! तेव्हा आमचा संसार काय तो रात्रीच्या जेवणानंतरचा तासभर, वरच्या खोलीत. यांचा आवाज मुळातच हळू. त्या घरात ओरडायला इतकी माणसं होती, की यांच्या वाट्याला ते काम कधी आलंच नसावं. शिवाय भिंतीपलीकडे सासूबाई. म्हणून आणखी हळू.

थोरली मुलगी झाली त्या वर्षी माझे कान बिघडायला लागले. पहाटे ती रडायची आणि सासूबाई उठून यायच्या, मी शेजारी ढिम्म. कानात सारखं सूं चालायचं, मला वाटायचं शेजारी कुणीतरी स्टोव्ह पेटवून विसरलंय. धाकटा झाल्यावर तर फारच कमी झालं. पण मी काही बोलले नाही. कुणाला काय सांगणार? दिवसभर तर सगळं ऐकू येत होतं!

बहिरं माणूस पहिल्यांदा काय शिकतं, ते सांगते. मान डोलवायला शिकतं. ‘काय?’ असं एकदा विचारता येतं, दोनदा विचारता येतं. तिसऱ्यांदा विचारलं, की समोरच्याचा चेहरा पडतो आणि तो म्हणतो, जाऊ दे. हे दोन शब्द मी ओठांवरून सगळ्यात आधी ओळखायला लागले. ‘जाऊ दे’ म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच कळतं. सांगण्यासारखं काहीतरी होतं, पण तुला सांगण्याइतकं नव्हतं. त्यापेक्षा मान डोलवलेली बरी. हे बोलायचे, मी ‘हं’ म्हणायचे, मधूनच हसायचे, हे गंभीर झालेले दिसले तर मीही गंभीर व्हायचे. इतकं छान जमायचं मला, की मीच स्वतःवर खूश होते.

पण सासूबाईंच्या नजरेतून काही सुटत नसे. काही दिवस ही ओ देत नाही आणि काही दिवस पहिल्या हाकेला हजर, हे त्यांनी हेरलं. त्यांचं पंचांग स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं असायचं. मी ओ दिली नाही की त्या दिवसापुढे पेन्सिलीनं फुली. असं त्यांनी तीन-चार महिने केलं आणि एका दुपारी मला समोर बसवून ते पंचांग उघडलं. प्रतिपदेला फुली. अष्टमीला फुली. चतुर्दशीला, पौर्णिमेला, अमावास्येला फुली. पुढच्या पानावर तेच, त्याच्या पुढच्या पानावर तेच. मी बघतच राहिले. खोटं तर काहीच नव्हतं त्यात.

तुम्ही म्हणाल, वेदाच्या घरात या तिथी कसल्या, एवढंही कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? त्या तिथींना पाठशाळेला सुट्टी. अनध्याय म्हणतात त्याला. अष्टमीला शिकवलं तर गुरूला बाधतं, चतुर्दशीला शिकलं तर शिष्याला, अशी जुनी समजूत. त्या दिवशी ओसरी रिकामी, घर शांत, आणि शांत घरात सगळी माणसं शांतपणे बोलणार. पण आमच्या घराला अनध्याय इतका अंगवळणी पडलेला, की त्याकडे कोण बघतंय! सासूबाईंनी सरळ निष्कर्ष काढला, की ज्या तिथी वेदाला चालत नाहीत त्या हिच्या कानांनाही चालत नाहीत. मामंजींना कळलं, तर त्यांना उलट कौतुकच वाटलं. सून माहेराहून काही शिकून आली नाही तरी अनध्याय पाळते म्हणाले. म्हणजे सासूच्या लेखी दोष आणि सासऱ्याच्या लेखी पुण्य, आणि माझे कान होते तिथेच.

मग उपाय सुरू झाले. शिंदे घाटाजवळच्या एका ज्योतिषीबुवांनी चंद्राचा दोष काढला आणि मला सोळा सोमवार सांगितले. ते केले. कान सुधारले नाहीत, चोळ्या सैल झाल्या. लसूण घालून कढवलेलं तेल कानात गेलं. घाटावर लाल पगडी बांधून कान साफ करणारे बसतात, त्यांना तिकडे कनमैलिया म्हणतात. त्यातल्या एकानं माझ्या कानात बराच वेळ सळई फिरवली आणि हात हलवत सांगितलं, की इतके स्वच्छ कान त्यानं अख्ख्या घाटावर पाहिले नाहीत. सासूबाईंचा त्यामुळे फार विरस झाला. स्वच्छ कानांची सून ऐकत नाही, म्हणजे मुद्दामच ऐकत नसणार. त्यानंतर त्या मला ऐकवण्यासाठी माझ्या मुलीला बोलायला लागल्या. लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, तसं. आता सुनेला ऐकूच येत नसेल तर लागणार कसं, हा विचार त्यांनी केला नव्हता.

हे सगळं मी हसत सांगतेय, कारण इथवरचं हसण्यासारखंच होतं. या सगळ्यात हे मात्र गप्प होत गेले, ते माझ्या फार उशिरा लक्षात आलं. आधी जेवणानंतर बोलायचे, मग थोडंच बोलायचे, मग वर्तमानपत्र घेऊन बसायला लागले. मला खरं सांगायचं तर बरंच वाटलं. वर्तमानपत्राला मान डोलवावी लागत नाही.

मग एका सकाळी खाली घोष ऐन भरात होता, मी डाळ निवडत होते आणि सासूबाई समोर येऊन बसल्या. त्यांचे डोळे लाल. यांची गोरखपूरला बदली झाली होती. हुकूम आला होता, पुढच्या सोमवारी तिथे हजर व्हायचं. आणि ती बदली यांनी स्वतः मागून घेतली होती.

मी म्हटलं, मला कसं काही सांगितलं नाही?

“सांगितलं नाही?” सासूबाई म्हणाल्या. “त्यानं तुला विचारलं होतं. मी काही दिवस दूर जाऊन राहू का, असं विचारलं. तू हसलीस आणि मान डोलवलीस.”

हातातली डाळ ताटात पडली. कधी विचारलं असेल, कोणत्या दिवशी, माझ्या काहीच लक्षात नव्हतं. पण मी हसले असणार आणि मान डोलवली असणार, यात मला तिळमात्र शंका नव्हती. मी रोजच तसं करत होते. या माणसानं मला विचारलं, तुला मी इथे नको आहे का, आणि मी हसून हो म्हटलं! मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नाही. दोन मुलं पदरात, माहेरी आई नाही, आणि नवरा माझ्याच परवानगीनं निघालेला.

मी उठून सासूबाईंना म्हटलं, की मला खरंच ऐकू येत नाही, मला डॉक्टरकडे न्या. आजवर हे वाक्य मी उच्चारलंच नव्हतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग खुंटीवरची शाल घेतली आणि खिळ्यावरचं पंचांगही घेतलं.

गोदौलियाच्या पुढे एक म्हातारे बंगाली डॉक्टर बसायचे. त्यांनी कानात बत्ती टाकून पाहिलं, पडदा चांगला आहे म्हणाले. मग दोन दांड्यांचा एक पोलादी चिमटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि माझ्या कानासमोर धरला. काहीतरी होतं, लांबचं, मेलेलं. मग त्याच चिमट्याचं टोक त्यांनी माझ्या कानामागच्या हाडावर टेकवलं आणि डोक्यात घंटा वाजली. स्वच्छ, खणखणीत! मी दचकून त्यांचा हातच धरला. त्यांनी कानाशी वाकून मोठ्यानं विचारलं, “शोर में अच्छा सुनाई देता है क्या, बेटी?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी हो म्हणायच्या आत सासूबाईंनी पंचांग पुढे केलं आणि आपल्या मराठी वळणाच्या हिंदीत सगळ्या फुल्यांचा खुलासा केला. डॉक्टरांनी चष्मा वर करून पानं चाळली. हसले नाहीत, त्याबद्दल मी त्यांना अजून मानते. त्यांनी एवढंच विचारलं, की या दिवशी तुमच्या घरी काय असतं?

“कुछ नहीं होता,” सासूबाई म्हणाल्या. “अनध्याय होता है. पाठशाला बंद…” आणि बोलता बोलता थांबल्या.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते असं. कानात आत तीन लहानशी हाडं असतात, एकाला एक लागून. आवाज आला की ती थरथरतात आणि तो आत पोचवतात. त्यातलं सगळ्यात धाकटं, तांदळाच्या दाण्याएवढंच, माझ्या कानात हळूहळू जागच्या जागी घट्ट बसत चाललं होतं. काही घराण्यांत हे असतं. बायकांना बाळंतपणानंतर वाढतं. गोंगाट माझ्यापर्यंत फारसा पोचत नाही, पण गोंगाटात माणसं ओरडून बोलतात ते पोचतं. आणि मला स्वतःचा आवाज डोक्यात मोठा वाटतो, म्हणून मी हळू बोलते. यात चंद्राचा काही संबंध नाही आणि सुनेच्या स्वभावाचाही नाही.

तुमच्या घरात आणखी कुणाला आहे का, असं त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हटलं.

“आहे,” सासूबाई मध्येच म्हणाल्या, मराठीत, माझ्याकडे बघून, आणि पाठशाळा चालू असतानाच्या त्या ओरडत्या आवाजात, त्यामुळे मला अक्षर न् अक्षर ऐकू आलं. “तुझ्या आईला होतं. लग्नात मी तिला म्हटलं, तुमची मुलगी आजपासून माझी, काळजी करू नका. ती हसली, मान डोलवली आणि तोंड फिरवून दुसऱ्याशी बोलायला लागली. मी सहा वर्षं ते मनात धरून बसले.”

माझी आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आमच्या गावात तिला सगळे गर्विष्ठ म्हणायचे. हाक मारली तरी बघत नाही, कुणाच्यात मिसळत नाही, बोलणाऱ्याला उत्तर देत नाही. मीही म्हणायचे. शाळेतून येऊन अंगणातून हाका मारायचे, ती चुलीपुढे पाठमोरी, आणि मी दप्तर आपटून म्हणायचे, तुला कुणाची पर्वाच नाही. मी त्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसून रडले. कानांसाठी नाही, आईसाठी. ती आयुष्यभर मान डोलवत राहिली आणि घरातल्या एकाही माणसाला, तिच्या पोटच्या मुलीलाही, ते कळलं नाही.

सासूबाईंनी मला रडू दिलं. मग बाहेर येऊन, ज्या बाईनं जन्मात बाहेरचं घोटभर पाणी प्यायलं नव्हतं, तिनं कोपऱ्यावरून माझ्यासाठी मलइयो, थंडीत मिळणारा तो दुधाचा गोड फेस, घेतलं आणि मी खाईपर्यंत कुल्हड बघत उभी राहिली.

पुढच्या वर्षी मला मशीन मिळालं, पोलक्याला अडकवायची डबी आणि कानापर्यंत वायर. गलीतल्या बायका बघायच्या, तेव्हा सासूबाई स्वतःहून सांगायच्या, की आमच्या सुनेचं कानातलं हाड जाम झालंय, त्यात लपवायचं काय? ऑपरेशन बऱ्याच वर्षांनी मुंबईला झालं, एका कानाचं. ते सगळं ठीकच झालं. पण त्या आठवड्यात यातलं काहीच नव्हतं, आणि सोमवार जवळ येत होता.

सासूबाई यांच्याशी बोलायला निघाल्या होत्या. मी अडवलं. प्रश्न मला विचारला होता, उत्तर मीच देणार.

त्याच संध्याकाळी पाठशाळा मिटल्यावर हे आले. वर बॅग भरत बसले होते. मी समोर बसून सगळं सांगितलं. चिमटा, हाड, आई, आणि रोज रात्री मी काय करत होते ते. माझं बोलणं त्यांना ऐकू येत होतं, शांतच होतं घर. त्यांचा चेहरा बदलत गेला. मग ते बोलायला लागले, बराच वेळ, खाली बघून. मला काहीही कळलं नाही. मोठ्यानं बोला म्हणावं, तर भिंतीपलीकडे सासूबाई, जिन्यात मामंजी. तेव्हा माझ्या डोक्यात आलं आणि मी म्हटलं, इथे नको, गव्हाचा डबा उचला.

आमच्या गलीच्या तोंडाशी आटाचक्की होती. पट्ट्याची, जुनी, सुरू झाली की शेजारच्या भिंती हलायच्या. संध्याकाळची वेळ, सात-आठ जणांची रांग. आम्ही डबा रांगेत ठेवला आणि चक्कीच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिलो. मी म्हटलं, आता विचारा.

हे आधी इकडेतिकडे बघायला लागले. मग घसा खाकरला, आणि जन्मात पहिल्यांदा ओरडले असतील. “मी विचारलं होतं, मी गोरखपूरला जाऊ का? तू माझ्याशी बोलत नाहीस, मी बोललेलं तुला नको असतं. तुला मी नको असेन तर जातो, असं म्हणालो होतो.”

अक्षर न् अक्षर ऐकू आलं. यांचा आवाज मी दोन वर्षं नीट ऐकलाच नव्हता. थोडा चिरका होता, शब्दाशब्दाला फाटत होता. मला तो इतका आवडला, की उत्तर द्यायचंच राहून गेलं.

“नाही,” मी म्हटलं. “जाऊ नका.”

“काय?” हे म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. माझ्या डोक्यात ते केवढं मोठं वाटत होतं! यांनी कानाला हात लावला. मी तिसऱ्यांदा सांगितलं. यांना काही ऐकू येईना आणि मला ओरडता येईना. रांगेतली माणसं आपलं दळण सोडून आमच्याकडे बघायला लागली. शेवटी पिठानं पांढरा झालेला चक्कीवाला पुढे आला, त्यानं खटका खाली केला आणि पट्टा थांबवला.

“बहूजी,” तो म्हणाला असावा, कारण सगळे माझ्याकडे बघत होते, “अब बोल दीजिए.”

“नाही,” मी म्हटलं. “जाऊ नका. मला तुम्ही हवे आहात.” रांगेत दोन बायका मराठी होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. लावू देत.

हे माझ्याकडे बघून काहीतरी बोलले. हळू, नेहमीच्या आवाजात, आणि चक्की तर बंद होती. ओठ हलताना दिसले, बाकी काही नाही. माझी मान सवयीनं खाली यायला लागली, चेहऱ्यावर हसूही येऊ घातलं होतं. मी दोन्ही थांबवलं.

“मला ऐकू आलं नाही,” मी म्हटलं. “परत सांगा.”

आणि त्यांनी, सगळ्या रांगेसमोर, माझ्या कानाशी वाकून, ओरडून परत सांगितलं, “मग नाही जात.”